थरथरत्या हातांनी काम करण्याचा सराव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. स्किल लॅबमध्ये एकटीने सराव करताना जखमेच्या निर्जंतुक ड्रेसिंगच्या सगळ्या पायऱ्या तुम्हाला न चुकता जमतात, परंतु मूल्यमापनाच्या दिवशी परीक्षक कागद-पेन घेऊन समोर उभ्या राहिल्या की हात थरथरू लागतात. मागच्या वेळी दुसरा हातमोजा घालताना बोटे अडकली, त्या क्षणी मन कोरे झाले आणि पुढचे सगळेच विस्कटले. आता तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे आणि तोपर्यंत ही भीती घालवण्याचा उपाय तुम्हाला हवा आहे.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात बारा वर्षे काम केल्यानंतर मी ही कौशल्ये शिकवू लागले आणि त्यांची परीक्षाही घेऊ लागले. त्या अनुभवावरून प्रामाणिकपणे सांगायचे तर तीन आठवड्यांत भीती घालवण्याच्या मागे तुम्ही लागू नये, असे माझे मत आहे. ज्या विद्यार्थिनी माझ्यासमोर उत्तम काम करून जातात, त्यांपैकी अनेकींचे हात थरथरत असतात. फरक इतकाच की थरथरत्या हातांनी काम करण्याची त्यांना सवय झालेली असते. तुमचा आतापर्यंतचा सगळा सराव शांत हातांनी झालेला आहे आणि परीक्षा मात्र थरथरत्या हातांची होते. ही दरी तीन आठवड्यांत बरीचशी बुजवता येते.

शरीरात नेमके काय घडते हे आधी पाहू, कारण ते कळले की निम्मा गोंधळ कमी होतो. कोणी आपले मूल्यमापन करत आहे हे मेंदूला जाणवताच अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी मज्जासंस्था, जागी होते आणि ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते. त्याने नाडी वाढते, तळहात घामेजतात आणि बोटांची बारीक थरथर, जी निरोगी माणसाच्या हातात एरवीही अगदी सूक्ष्म प्रमाणात असतेच, डोळ्यांना दिसण्याइतकी ठळक होते. त्याच वेळी 'मी चुकणार', 'त्या काय लिहीत आहेत' असे विचार मनातली तीच जागा अडवून बसतात जिथे 'आता कोणती पायरी' हे धरून ठेवायचे असते. ही जागा मुळातच लहान असते. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोन संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले होते. सोपा फरक ओळखायचा असेल तर विजेचा धक्का जितका तीव्र तितके शिकणे जलद होई, पण फरक ओळखणे अवघड असेल तर तीव्र धक्क्याने शिकणे उलट मंदावत असे. उंदरांवरून माणसांबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे, तरी परीक्षेच्या टेबलाशी मी जे पाहते ते याच्याशी जुळते: जे काम हाताला सहज झाले आहे ते तणावात टिकते, आणि जे अजून आठवून आठवून करावे लागते ते कोसळते. म्हणून तणाव कमी करण्यापेक्षा काम सोपे करून ठेवणे अधिक हुकमी ठरते.

मग लॅबमध्ये सगळे जमते ते खोटे असते का? खोटे नसते, पण फसवे असते. एकटीने सराव करताना चेकलिस्ट शेजारी उघडी असते आणि तिच्याकडे एक नजर टाकली की पुढची पायरी कळते. ही आठवण नव्हे, ओळख झाली. ट्रे तुम्हीच मांडलेला असतो, मध्येच अडले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते आणि हातमोजा नीट बसला नाही तर तो काढून टाकून तुम्ही पुढे जाता, त्या चुकीची कुठे नोंद होत नाही. परीक्षेत या चारही सोयी एकदम काढून घेतल्या जातात. त्यामुळे उद्यापासून सरावाचे तास वाढवण्यापेक्षा सरावाची पद्धत बदला.

पहिल्या आठवड्यात हातापेक्षा तोंडाला काम द्या. ड्रेसिंगच्या चेकलिस्टवर तीसेक ओळी असतील तर त्या तीस ओळी पाठ करणे सोडून द्या. त्यांचे पाच गट करा: रुग्णाची ओळख व संमती, तयारी, हात आणि निर्जंतुक क्षेत्र, प्रत्यक्ष जखम, आणि शेवटी आवरणे व नोंद करणे. गट कोणता चालू आहे हे लक्षात असले की त्यातल्या पायऱ्या एकमेकींना ओढत बाहेर काढतात. त्यानंतर चेकलिस्ट बंद करून, हातात काहीही न घेता, संपूर्ण प्रक्रिया मोठ्याने बोला आणि प्रत्येक पायरीला 'का' हा शब्द जोडा. जिथे 'का' सांगता येत नाही तिथे खूण करा, कारण मन कोरे होण्याची जागा बहुधा तीच असते.

या 'का'वर मी जास्त थांबते त्याला कारण आहे. पाठ केलेली साखळी एका कडीवर तुटली की पुढचे सगळे गळून पडते, आणि मागच्या वेळी तुमचे तेच झाले. कारण समजलेले असेल तर साखळी तुटल्यावरही पुढची कडी नव्याने जोडता येते. निर्जंतुक पाकिटाची पहिली घडी आपल्यापासून दूरच्या बाजूला उघडायची आणि शेवटची आपल्याकडे, हे पाठ करण्याची गरजच नाही. उघड्या निर्जंतुक क्षेत्रावरून आपला हात जाऊ द्यायचा नाही एवढे ठाऊक असले की क्रम आपोआप तोच येतो. कापडाची कडेची सुमारे 2.5 सेंटीमीटर पट्टी निर्जंतुक मानायची नाही, कारण ती निर्जंतुक नसलेल्या पृष्ठभागाला लागून असते. हात कमरेच्या वर आणि नजरेसमोर ठेवायचे, कारण जे दिसत नाही ते कशाला लागले हे सांगता येत नाही. आणि ज्या हातमोज्यापाशी तुम्ही अडकलात, त्याचे सगळे तंत्र एका वाक्यात बसते: त्वचेने फक्त आतली बाजू धरायची, हातमोज्याने फक्त बाहेरची. पहिला हातमोजा उघड्या हाताने दुमडलेल्या कडेच्या आतल्या बाजूला धरून उचलायचा, दुसरा मात्र हातमोजा घातलेली बोटे त्या दुमडीखाली सरकवून. गोंधळ झाल्यावर 'आता कोणता हात' असे आठवत बसण्याऐवजी 'माझा हा हात त्वचा आहे की हातमोजा' असा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर लगेच मिळते.

हातमोज्यांचाच विषय निघाला आहे तर एक साधी गोष्ट सांगते, जी विद्यार्थिनी भीतीच्या खात्यात टाकतात आणि जिचा भीतीशी अर्धाच संबंध असतो. ओलसर हातावर हातमोजा सरकत नाही, मग तो हात कितीही धीट माणसाचा असो. अल्कोहोलचे द्रावण चोळल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे साधारण 20 ते 30 सेकंद, चोळत राहायचे असते. परीक्षेत घाईने दहाव्या सेकंदालाच पाकीट उघडले जाते आणि बोटे अडकतात. साबणाने हात धुतले असतील तर बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा. हातमोज्याचा तुमचा नेमका आकार आधी ठरवून ठेवा, आणि परीक्षेच्या टेबलावर वेगळाच आकार दिसला तर सुरुवात करण्यापूर्वी निःसंकोच मागून घ्या. एखादे बोट चुकीच्या कप्प्यात गेले तर तिथेच झगडू नका. दोन्ही हातमोजे चढल्यावर, निर्जंतुक हाताने निर्जंतुक हातमोज्याचे बोट सरळ करता येते.

थरथरीवरही असाच शारीरिक उपाय आहे. अधांतरी हात जास्त थरथरतो आणि टेकलेला कमी. कोपरे अंगालगत ठेवा. इंजेक्शनसाठी औषध भरताना बाटली आणि सिरिंज धरलेले दोन्ही हात एकमेकांना टेकवून डोळ्यांच्या पातळीवर आणा. त्वचेखालचे किंवा स्नायूत इंजेक्शन देताना त्वचा धरलेला हात रुग्णाच्या अंगावर स्थिर असतो, त्याचा आधार दुसऱ्या हाताला मिळू द्या. अनुभवी परिचारिका हे नकळत करतात. तुम्ही ते ठरवून करा.

दुसऱ्या आठवड्यापासून एकटीने सराव करणे जवळजवळ थांबवा. एखाद्या मैत्रिणीला परीक्षक करा, पण तिला तीन अटी घाला: तिने बोलायचे नाही, मान हलवायची नाही आणि मधूनमधून कागदावर काहीतरी लिहीत राहायचे. पहिल्या दिवशी दोघींनाही हसू येईल, तिसऱ्या दिवशी येणार नाही. मग मैत्रिणीच्या जागी वरच्या वर्गातली, फारशी ओळख नसलेली कोणी आणा, कारण अनोळखी नजरेचे दडपण वेगळे असते. कोणीच उपलब्ध नसेल त्या दिवशी फोन समोर ठेवून चित्रीकरण करा. नुसता कॅमेरा चालू केल्याने हाताला किंचित कंप येतो असा बहुतेकींचा अनुभव आहे, आणि आपल्याला इथे तोच कंप हवा आहे. वेळ लावा. मध्येच अडले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळा. सरावाआधी दोन मजले भरभर चढून या आणि धडधडत्या छातीने लगेच हातमोजे घालायला घ्या, हा माझा आवडता प्रकार आहे. तो ऐकून विद्यार्थिनी हसतात, पण वाढलेली नाडी आणि जलद श्वास यांत हात कसे चालतात याची ओळख त्याने होते.

तिसऱ्या आठवड्यात चुका मुद्दाम घडवून आणा, कारण माझ्या मते संपूर्ण तयारीत सर्वांत जास्त मोल याच भागाला आहे. मैत्रिणीने न सांगता ट्रेमधला चिमटा काढून ठेवावा, मध्येच गॉझचा तुकडा खाली पाडावा, रुग्ण झालेल्या दुसऱ्या मैत्रिणीने ऐन वेळी हात पुढे करून निर्जंतुक कापडाला लावावा. प्रत्येक वेळी तुम्ही एकच क्रम पाळायचा: थांबायचे, काय झाले ते मोठ्याने सांगायचे, ते दुरुस्त करायचे आणि जिथे होतो तिथून पुढे जायचे. 'माझा हातमोजा टेबलाच्या कडेला लागला, तो आता निर्जंतुक नाही, मी नवीन जोडी घेते.' हे वाक्य इतक्या वेळा म्हणा की ते शरमेशिवाय तोंडातून निघावे.

परीक्षकाच्या बाजूने याचे कारण सांगते. एकाच दिवशी, एकाच टेबलावर मी दोन विद्यार्थिनी पाहिल्या होत्या. पहिलीचे हात स्थिर होते, बोलणे सफाईदार होते. तिचा चिमटा ट्रेच्या बाहेरच्या कडेला लागला, ते तिला कळले, तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्याच चिमट्याने जखम पुसली. दुसरीचे हात मला दुरूनही थरथरताना दिसत होते आणि तिने हातमोज्यांची जोडी दोनदा बदलली, दोन्ही वेळा स्वतःहून, कारण सांगून. वॉर्डात माझ्या रुग्णाजवळ यांपैकी कोणाला पाठवायचे याचा मला विचार करावा लागला नाही. चूक ओळखून दुरुस्त केली तर गुण कसे धरले जातात हे प्रत्येक संस्थेत वेगळे असू शकते, आणि काही पायऱ्या चुकल्यास पूर्ण प्रक्रियाच नापास धरली जाते; म्हणून तुमच्या शिक्षिकांना हे आधीच सरळ विचारा. नियम माहीत असला की एका चुकीनंतर 'आता सगळे संपले' असे मन परस्पर ठरवून टाकत नाही. प्रत्यक्ष परिचर्येत तर चूक गृहीत धरूनच पद्धती बनलेल्या आहेत. स्त्री रुग्णाला मूत्रनलिका घालताना ती चुकून योनिमार्गात गेली, तर ती तिथेच खूण म्हणून राहू देऊन दुसरी निर्जंतुक नलिका घ्यावी असे शिकवले जाते. ज्यांनी ही पद्धत ठरवली त्यांना ठाऊक होते की नलिका चुकीच्या जागी जाणारच आहे, तीही अनेक अनुभवी हातांकडून.

आता परीक्षकांच्या चेहऱ्याबद्दल आणि त्या पेनबद्दल. आम्ही गप्प असतो ते नाराजीमुळे नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला सारखे काम, सारखा वेळ आणि सारखी गुणपत्रिका मिळावी म्हणून अशा टप्प्याटप्प्यांच्या परीक्षेची पद्धत रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तयार केली आणि 1975 साली प्रसिद्ध केली. पुढे नर्सिंगनेही ती स्वीकारली. एकीला मान हलवून धीर दिला आणि दुसरीला दिला नाही तर हा सारखेपणा मोडतो, म्हणून आम्ही दगडासारखे चेहरे करून उभे राहतो. पेन तर योग्य पायरीलाही चालते. किंबहुना पेन सतत चालू असेल तर बहुधा एकामागून एक खुणा होत आहेत असे समजा. आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपली घालमेल समोरच्याला स्पष्ट दिसते आहे असे आपल्याला वाटते, पण ती तितकी दिसत नसते. गिलोविच, सॅव्हिट्स्की आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली या भ्रमावर प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढच्या एका अभ्यासात, भाषण करणाऱ्यांना हा भ्रम आधी समजावून सांगितल्यावर त्यांची भाषणे अधिक चांगली झाल्याचे दिसले. माझी नजर तर तुमच्या चेहऱ्यावर नसतेच, ती तुमच्या हातांवर आणि ट्रेवर असते. आणि दिवसातली चौदावी विद्यार्थिनी समोर असेल तर, खरे सांगायचे तर, पायांच्या दुखण्यावरही.

परीक्षेच्या आधीची दहा मिनिटे बाहेर येणाऱ्या विद्यार्थिनींच्या घोळक्यात घालवू नका. 'मला हे विचारले, ते चुकले' या गप्पांमधून या वेळी उपयोगाचे काहीही मिळत नाही. बाजूला बसून श्वास संथ करा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे तीन-चार मिनिटे. उच्छ्वास लांबवल्याने हृदयाची गती उतरायला मदत होते. पहिल्या दोन श्वासांत फरक जाणवला नाही म्हणून सोडू नका. स्वतःला 'शांत हो, शांत हो' असे बजावण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणे, भाषण किंवा गणिताच्या आधी स्वतःला 'मी शांत आहे' असे म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणाऱ्या छातीला शांत म्हणणे मनाला पटत नाही. तीच धडधड कामाला लागण्याची आहे, हे मानणे तुलनेने सोपे जाते.

यापेक्षाही चांगला विसावा प्रक्रियेतच दडलेला असतो आणि बहुतेकजणी तो घाईने वाया घालवतात. साबण-पाण्याने हात धुण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 40 ते 60 सेकंदांचा वेळ सांगितला आहे. संपूर्ण परीक्षेत हे एकच मिनिट असे असते की ज्यात संथपणाला गुण आहेत. तळवे, हातांच्या पाठी, बेचक्या, अंगठे, बोटांची टोके, असे ठरलेल्या क्रमाने हात चालू राहतात आणि मनाला दुसरे काही करावे लागत नाही. या मिनिटात लांब श्वास घ्या आणि पाच गटांची नावे मनात एकदा म्हणा. प्रत्येक सरावात हे हात धुणे पूर्ण वेळ करा, नुसते 'हात धुतले' असे म्हणून पुढे जाऊ नका. तीन आठवडे हात धुताना श्वास संथ करण्याची सवय लागली असेल तर परीक्षेच्या दिवशीही नळ सुरू होताच तो बहुधा संथ होऊ लागतो. माझी स्वतःची ही सवय नंतर वॉर्डातही कामी आली, एकामागून एक गंभीर रुग्ण येत असत तेव्हा.

टेबलापाशी पोहोचल्यावर चिठ्ठी शेवटपर्यंत दोनदा वाचा. सूचनेत 'डाव्या पायाची जखम' असे लिहिलेले असताना उजव्या पायाची पट्टी सोडणारी विद्यार्थिनी मी दर परीक्षेत एक तरी पाहते. त्यानंतर साहित्य तपासून वापराच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा, जिथे निर्जंतुकतेच्या नियमांत ते बसते तिथे. असा मांडलेला ट्रे तुमच्या बाजूने आठवण ठेवतो: मन कोरे झाले की ट्रेकडे पाहायचे, जे अजून वापरलेले नाही ते पुढचे काम.

कोरेपणाच्या क्षणी दुसरा आधार रुग्णाचा. समोर डमी असली तरी तिच्याशी बोला. नाव विचारा, मनगटावरची पट्टी वाचा, ॲलर्जी विचारा, काय करणार आहात ते सांगा. अडल्यावर 'तुम्हाला काही त्रास होत नाही ना?' हे विचारणे कोणत्याही प्रक्रियेत शोभते, त्याने चार-पाच सेकंद मिळतात आणि लक्ष स्वतःवरून उठून रुग्णाकडे जाते. प्लॅस्टिकच्या डमीशी बोलणे अनेकींना हास्यास्पद वाटते, पण ज्या बोलत नाहीत त्या लवकर अडकतात हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

फेरपरीक्षेत ड्रेसिंगच्या जोडीला इतर कौशल्येही असतील असे धरून दोन ठिकाणांबद्दल लिहिते, जिथे भीती वेगळ्या प्रकारे घात करते. पहिले रक्तदाबाचे. घाबरलेल्या माणसाला स्टेथोस्कोपमधून रुग्णाच्या नाडीऐवजी स्वतःच्याच कानातले ठोके ऐकू येतात आणि मग 120/80 हा आकडा तोंडातून निघून जातो. असे कधीही करू नका. आधी मनगटाची नाडी धरून कफ, म्हणजे दंडाला गुंडाळलेला फुगवायचा पट्टा, फुगवा, नाडी कोणत्या आकड्याला लुप्त होते ते पाहा, कफ पूर्ण मोकळा करा, थोडे थांबा, मग त्या आकड्याच्या सुमारे 30 वर फुगवून सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने हवा सोडा. आवाज कुठे सुरू होणार याचा अंदाज आधीच आलेला असल्याने कान तिथे तयार असतात. तरीही ऐकू आले नाही तर तसे सांगा, कफ पूर्ण मोकळा करा, एक-दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा मोजा. पुन्हा मोजणारी विद्यार्थिनी मला चालते. आकडा बनवून सांगणारीला मी पास करत नाही, मग बाकी सगळे कितीही उत्तम असो.

दुसरे ठिकाण औषधाच्या मात्रेचे गणित. तणावात डोक्यात गणित करू नका, कागदावर एककांसह लिहा, आणि त्याआधी ढोबळ अंदाज बांधा. समजा 75 मिलिग्रॅम द्यायचे आहेत आणि 2 मिलिलिटरच्या बाटलीत 50 मिलिग्रॅम आहेत. एका बाटलीपेक्षा जास्त आणि दोनपेक्षा कमी लागणार, म्हणजे उत्तर 2 आणि 4 मिलिलिटर यांच्या मधले असले पाहिजे. मग 75 भागिले 50 गुणिले 2, म्हणजे 3 मिलिलिटर. अंदाज आधी बांधला असेल तर दशांश चिन्ह सरकून आलेले 0.3 किंवा 30 हे उत्तर लगेच खटकते.

आदल्या रात्रीच्या झोपेबद्दल सगळेच सांगतात, म्हणून इतकेच म्हणते की हाताने शिकलेले कौशल्य झोपेत पक्के होते, त्यामुळे रात्री दोनपर्यंत केलेला सराव तोट्याचा ठरतो. चहा-कॉफी रोजच्याइतकीच घ्या. त्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त घेतली तर थरथर वाढते. रिकाम्या पोटीही जाऊ नका.

गोळ्यांविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. हाताची थरथर थांबवणारी म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी विद्यार्थ्यांमध्ये एकमेकांना दिली जाते. दमा असलेल्या व्यक्तीला ती धोकादायक ठरू शकते, नाडीची गती आणि रक्तदाब ती उतरवते, आणि औषध देण्यापूर्वी रुग्णाचा पूर्वेतिहास तपासायला आपण जिथे शिकतो तिथेच तो नियम स्वतःपुरता मोडणे मला पटत नाही. ज्यांना खरोखर गरज असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून, त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी. परीक्षा नसतानाही छातीत धडधड, झोप न येणे किंवा वर्गात जाण्याचीच धास्ती असे काही होत असेल तर तो सरावाने सुटणारा प्रश्न नाही. समुपदेशक किंवा डॉक्टर यांच्याकडे जा. तसेच काहीजणींना रक्त किंवा सुई पाहून भोवळ येते. त्यांच्यात रक्तदाब एकाएकी उतरतो, म्हणून त्यांना संथ श्वासापेक्षा पाय, पोट आणि दंडांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून सैल सोडणे, आणि हे पाच-सहा वेळा करणे, जास्त उपयोगी पडते.

राहता राहिले फेरपरीक्षेचे ओझे. पहिल्या परीक्षेतली गुणपत्रिका पाहायला मागा आणि कोणत्या ओळींवर गुण गेले ते शिक्षिकांसोबत बसून वाचा. 'पुढचे सगळेच विस्कटले' असे तुम्ही लिहिले आहे. माझा अंदाज आहे की कागदावर तीन किंवा चार ओळीच असतील, आणि हातमोज्यानंतरच्या बऱ्याच पायऱ्यांना खूण मिळालेली असेल. तो कागद पाहिल्याशिवाय सरावाचे वेळापत्रक ठरवू नका. फेरपरीक्षा झाल्यावरही, निकाल काहीही लागो, त्याच दिवशी दोन गोष्टी लिहून ठेवा: मन नेमके कोणत्या पायरीला डगमगले, आणि त्यानंतर हाताने पहिले काय केले. पुढच्या सत्रात मूत्रनलिका आणि शिरेतून औषध देण्याची मूल्यमापने आली की या दोन ओळी घेऊन शिक्षिकांकडे जा, म्हणजे त्या तुम्हाला नेमक्या त्याच ठिकाणी अडवून सराव करून घेऊ शकतील.